'आकाशगंगेचे वारे': फिनलंडच्या दूरच्या नातलगांचा जुना प्रवासपट कसा पाहावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या चित्रपट मंडळाच्या पुढील सत्रात फिनलंडचे परदेशांतील सांस्कृतिक नाते उलगडणारा एखादा जुना प्रवासपट दाखवायचा आहे. त्यासाठी लेन्नार्त मेरी यांचा १९७७ सालचा 'आकाशगंगेचे वारे' हा माहितीपट सुचवला गेला आहे. तो दाखवण्याआधी प्रेक्षकांना काय सांगावे, त्यातील प्रतिपादनावर कितपत विसंबावे आणि त्याच्या जोडीला आणखी काही ठेवावे का, हे आपल्याला ठरवायचे आहे. माझे काम माहितीपटांच्या संकलनाचे असल्यामुळे उत्तरही संकलकाच्या बाजूने येईल. माझे मत आधीच सांगून टाकतो: निवड उत्तम आहे. मात्र या चित्रपटातले नाते दोन ठिकाणी सिद्ध होते, एक भाषाशास्त्रात आणि दुसरे संकलनाच्या टेबलावर. पहिल्याचा पुरावा भक्कम आहे. दुसऱ्याचा पुरावा म्हणजे दोन दृश्यांमधला सांधा. प्रेक्षकाला हा सांधा दिसू लागला, की चित्रपटाची गोडी कमी होत नाही, उलट वाढते.

हा चित्रपट एस्टोनियात, फिनलंड आणि हंगेरीच्या सहकार्याने तयार झाला. मेरी हे मूळचे लेखक आणि प्रवासी. १९९२ ते २००१ या काळात ते एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यामुळे या चित्रपटांकडे एका राजकारण्याचा पूर्वीचा छंद म्हणून पाहण्याची सवय लोकांना लागली आहे, जी मला मुळीच पटत नाही. त्यांचा जन्म १९२९ चा. १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने मेरी कुटुंबाला हद्दपार करून रशियाच्या अंतर्भागात पाठवले तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि एस्टोनियनच्या दूरच्या नातलग भाषांविषयीचे त्यांचे कुतूहल त्या हद्दपारीत जागे झाले. १९७० मध्ये त्यांनी 'पाणपक्ष्यांचे लोक' हा पहिला चित्रपट केला. त्यात कामासी, नेनेत्स, खान्ती, कोमी, मारी आणि कारेलियन लोकांमधले चित्रण आहे. 'आकाशगंगेचे वारे' हा त्याचा पुढचा भाग म्हणता येईल, आणि त्याचा पल्ला अधिक लांबचा आहे: फिन, एस्टोनियन, हंगेरियन आणि सामी यांच्यापासून वेप्सी, वोत, सेतो, एर्झ्या आणि मारी यांच्यामार्गे तो थेट उत्तर सैबेरियातल्या तायमिर द्वीपकल्पावरच्या न्गानासान लोकांपर्यंत जातो. हा चित्रपट सोव्हिएत संघात दाखवण्यास बंदी होती. न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्यपदक मिळाले. आणि फिनलंडमधल्या शाळांत मेरी यांचे चित्रपट व लेखन अभ्याससाहित्य म्हणून वापरले गेले.

चित्रपट एस्टोनियन असताना त्याला फिनलंडच्या नात्यांचा प्रवासपट का म्हणायचे, अशी शंका आपल्या सभासदांपैकी कोणीतरी काढेलच. तिचे उत्तर इतिहासात आहे. फिनलंडला आपल्या नातलगांचा शोध घेण्याची ओढ एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. मातिआस कास्त्रेन याने १८४५ ते १८४९ या काळात सैबेरियात, प्रकृती ढासळत असतानाही, भाषांच्या नोंदी करत प्रवास केला. १८५१ मध्ये तो हेलसिंकीच्या विद्यापीठात फिनिश भाषेचा पहिला प्राध्यापक झाला आणि पुढच्याच वर्षी, चाळिशीही न गाठता, वारला. १८८३ मध्ये हेलसिंकीत फिन-उग्रिक (फिनिश, हंगेरियन आणि त्यांच्या नातलग भाषांच्या) अध्ययनाची संस्था स्थापन झाली, तिने अभ्यासक पूर्वेकडे पाठवले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काइ दोन्नर हा अभ्यासक सैबेरियात सामोयेद (फिनिशच्या दूरच्या नातलग) भाषा बोलणाऱ्या लोकांमध्ये जाऊन राहिला. रशियन साम्राज्याचाच भाग असलेल्या फिनलंडमधून सैबेरियाला जाण्यासाठी त्या काळी सरहद्द ओलांडावी लागत नव्हती. १९१७ नंतर ती वाट बंद झाली. फिनलंड स्वतंत्र झाला आणि त्याचे बहुतेक भाषिक नातलग सोव्हिएत सरहद्दीच्या पलीकडे राहिले. पुढची अनेक दशके फिनिश अभ्यासकाला या लोकांची ओळख ग्रंथालयातून आणि संग्रहालयातल्या कपाटांतून करून घ्यावी लागली. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात असल्यामुळे मेरी मात्र सोव्हिएत नागरिक होते. त्यामुळे तायमिरच्या टुंड्रा प्रदेशात कॅमेरा नेणे त्यांना शक्य होते, आणि फिनलंडच्या आखाताच्या पलीकडे जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असलेल्या हेलसिंकीला जाण्याची परवानगी मिळवायला त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ अर्ज करत राहावे लागले. जिथे फिन जाऊ शकत नव्हते तिथून एका शेजाऱ्याने त्यांच्यासाठी आणलेले हे चित्रण आहे, हे लक्षात घेतले की त्याला फिनलंडचा प्रवासपट म्हणण्यात वावगे वाटत नाही.

आता विश्वासार्हतेकडे वळू. या चित्रपटात ज्यांना एका कुटुंबाचे म्हटले आहे त्यांच्या भाषा खरोखरच एका कुळातल्या आहेत. त्या कुळाला युरालिक म्हणतात आणि त्याविषयी भाषाशास्त्रात वाद उरलेला नाही. परंतु या कुळातल्या फिनिश आणि न्गानासान या दोन शाखा एकमेकींपासून हजारो वर्षांपूर्वी दुरावल्या आहेत. मराठी आणि लिथुआनियन या एकाच कुळातल्या भाषा असल्या, तरी त्या आधारावर लिथुआनियातल्या लग्नात आपल्याला आपले लग्न दिसेल असे कोणी म्हणत नाही. फिनलंड आणि तायमिर यांच्यातले अंतर साधारण तसेच समजावे. भाषा एका कुळातली असणे आणि रीतिरिवाज एका मुळातले असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेरी यांचा कॅमेरा या दोहोंना सहजपणे एकत्र गुंफत जातो.

म्हणून मी या चित्रपटातल्या नात्यांची तीन वर्तुळे करतो. सर्वांत आतल्या वर्तुळात फिन, कारेलियन, एस्टोनियन, सेतो, वोत आणि त्यांचे निकटचे शेजारी येतात. इथे भाषा तर जवळच्या आहेतच, शिवाय लोकगीतांचा एक विशिष्ट छंदही (वृत्तही) त्यांच्यात समान आहे. एलियास ल्योन्रोत याने कारेलियातून (फिनलंड-रशिया सीमेवरच्या प्रदेशातून) आणि आसपासच्या प्रदेशातून गोळा केलेल्या गीतांवरून 'कालेवाला' हे महाकाव्य रचले, ते याच छंदातले. हे नाते कानांना ऐकू येते, आणि म्हणून चित्रपटातला त्याचा पुरावा ध्वनिपट्टीवर शोधावा. दुसऱ्या वर्तुळात वोल्गाकाठचे मारी व एर्झ्या, आणि आणखी दूरचे हंगेरियन येतात. इथे भाषेचे नाते पक्के आहे, पण जीवनपद्धतीचे नाते ज्याचे त्याने तपासून घ्यावे. मारी लोकांनी आपल्या पवित्र राया आणि तिथली पूजा सोव्हिएत काळातही जपली. ती पाहून 'ख्रिस्ती होण्यापूर्वी आपणही असेच होतो' असे फिन प्रेक्षकाला वाटले तर नवल नाही. मात्र ते त्याचे वाटणे आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

तिसरे वर्तुळ सर्वांत मोहक आणि सर्वांत निसरडे आहे. अस्वलाला मान देऊन त्याची शिकार करणे, मग त्याच्यासाठी मेजवानी घालणे, त्याची कवटी जपून ठेवणे हे फिन परंपरेतही होते आणि खान्ती लोकांत तर अलीकडेपर्यंत मोठ्या समारंभाने चालत असे. ही दोन दृश्ये एकापुढे एक ठेवली की नाते सिद्ध झाल्यासारखे वाटते. अडचण अशी की अस्वलाचा असाच सोहळा जपानच्या उत्तरेकडचे आइनू आणि आमूर नदीच्या मुखाजवळचे निव्ख हेही करत, आणि त्यांच्या भाषांचा युरालिक कुळाशी संबंध नाही. म्हणजे हा वारसा कुळाचा नसून उत्तरेकडच्या जंगलांचा आहे, तिथे राहणाऱ्या कोणाचाही. पाणपक्ष्याने समुद्राच्या तळाशी बुडी मारून माती वर आणली आणि तिची जमीन झाली, या सृष्टिकथेचेही तसेच. ती सैबेरियाभर आहे आणि उत्तर अमेरिकेतही आहे. पाण्यातून पृथ्वी वर काढणाऱ्या वराहाची कथा माहीत असलेल्या आपल्या प्रेक्षकांना इथे एखादा प्रश्न सुचला तर तो अवश्य विचारू द्यावा. नातलगपणाची खूण म्हणून पुढे केलेली गोष्ट त्या कुळाबाहेर किती ठिकाणी सापडते, हे पाहणे ही अशा चित्रपटाची सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयुक्त परीक्षा आहे.

संकलकाला इथे काय दिसते ते सांगतो. समजा एका दृश्यात वोल्गाकाठी एक वृद्ध स्त्री झाडाखाली भाकरी ठेवते आहे, आणि पुढच्या दृश्यात तिथून शेकडो कोस दूरच्या सेतो गावातली दुसरी वृद्ध स्त्री थडग्यावर अन्न ठेवते आहे. दोन्ही दृश्यांत हाताची हालचाल डावीकडून उजवीकडे आहे, दोन्हीकडे उजेड तिरपा आहे, आणि पहिल्या दृश्यात सुरू झालेले गाणे दुसऱ्यावरही चालू राहते. या जोडणीला तर्काची गरजच उरत नाही. डोळा आणि कान मिळून नाते मान्य करून टाकतात. त्यातही काम करते ते मुख्यत्वे गाणे. चित्र बदलले तरी आवाज तुटला नाही, तर प्रेक्षकाच्या मनात जागा बदलत नाही, हे प्रत्येक संकलक पहिल्या वर्षी शिकतो. म्हणून मी सांगेन की चित्रपटातली दहा मिनिटे कार्यकर्त्यांनी आधी आवाज बंद करून पाहावीत आणि नंतर तीच दहा मिनिटे चित्राकडे पाठ करून नुसती ऐकावीत. कुठे गाणे त्या ठिकाणचेच आहे आणि कुठे ते दुसरीकडून आणून पसरले आहे, याची कल्पना एवढ्यानेच येते. निवेदनाची उपशीर्षके वाचण्यात डोळा गुंतला की हे सगळे निसटून जाते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण खुद्द मेरी यांच्याच कामात आहे, आणि आपल्या कार्यक्रमाचा कणा ते असावे असे मला वाटते. १६ जुलै १९७७ रोजी, 'आकाशगंगेचे वारे'चे चित्रण चालू असताना, तायमिरवर न्गानासान शमन (आत्म्यांशी संवाद साधणारा विधिकर्ता) देम्निमे यांच्या एका अनुष्ठानाचे चित्रण झाले. युरेशियाच्या अगदी उत्तर टोकाला, एक हजाराहून कमी लोकसंख्या उरलेल्या समाजात, एक वयोवृद्ध अनुष्ठाता आपला विधी कॅमेऱ्यासमोर करतो आहे, असे हे दुर्मीळ चित्रण. १९७७ च्या चित्रपटात त्याचे तुकडे वापरले गेले. शमनाचे ढोल, त्याचा स्वर आणि त्याचा आवेश यांची काही क्षणचित्रे येतात आणि चित्रपट पुढच्या नातलगांकडे वळतो. त्या क्षणी देम्निमे हे एका मोठ्या कुटुंबाच्या दूरच्या भूतकाळाचे प्रतिनिधी होऊन जातात. देम्निमे १९८० मध्ये वारले. त्यानंतर, १९९७ मध्ये, मेरी राष्ट्राध्यक्ष असताना, त्याच चित्रणावरून 'शमन' हा स्वतंत्र चित्रपट प्रसिद्ध झाला.

हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ दाखवा. न्गानासान परंपरेत शमन एकटा गात नाही. तो एक ओळ म्हणतो आणि जवळ बसलेले लोक ती उचलून धरतात, त्याला पुढे नेतात, आणि असा विधी बराच वेळ चालतो. अशा प्रसंगाचा प्राण त्याच्या लांबीत, थांबण्यात आणि पुन्हा सुरू होण्यात असतो. तुकड्यांमध्ये ते उरत नाही, उरतो फक्त चित्तवेधक क्षण. पहिल्या चित्रपटात देम्निमे हे कोणाचे तरी पूर्वज वाटतात. दुसऱ्यात ते आपल्या घरच्या माणसांमध्ये बसलेले, आपले काम जाणणारे एक गृहस्थ वाटतात. माणूस तोच, दिवस तोच, रीळही तेच, आणि बदलले आहे ते फक्त कात्रीचे काम. मेरी यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. वीस वर्षांनी का होईना, त्या चित्रणाला त्याची स्वतःची जागा मिळाली, हे त्यांच्या बाजूचे आहे.

नात्याच्या या भाषेला एक राजकीय बाजूही आहे, आणि ती वगळून परिचय करून दिला तर तो अपुरा राहील. १९२२ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थ्यांनी 'अकॅडमिक कारेलिया सोसायटी' स्थापन केली. 'आपले भाऊबंद सरहद्दीपलीकडे आहेत' या भावनेचे रूपांतर 'म्हणून ती जमीनही आपली आहे' या मागणीत कसे होते, याचे ते उदाहरण आहे. १९४१ ते १९४४ या काळात फिनिश सैन्याने पूर्व कारेलियाचा ताबा घेतला, तेव्हा सैन्याबरोबर कॅमेरेही गेले. युद्धविरामानंतर १९४४ मध्ये या संस्थेवर बंदी आली आणि फिनलंडमध्ये नातलगपणाविषयी जाहीरपणे बोलणे बरीच वर्षे अवघड झाले. विषय पुन्हा वर आला तो विद्वानांच्या हातून: फिन-उग्रिक अध्ययनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदा १९६० मध्ये बुडापेस्टला, १९६५ मध्ये हेलसिंकीला आणि १९७० मध्ये एस्टोनियाची राजधानी तालिन येथे भरल्या. दरम्यान, १९६४ मध्ये फिनलंडचे अध्यक्ष उर्हो केक्कोनेन एस्टोनियाला गेले आणि तार्तूच्या विद्यापीठात त्यांनी एस्टोनियन भाषेत भाषण केले. मेरी यांचा पहिला चित्रपट तालिनच्या परिषदेच्याच वर्षीचा आहे. त्यामुळे एकाच चित्रपटाचे दोन प्रेक्षक झाले. फिन प्रेक्षकाला त्यात हरवलेले पूर्वज दिसत होते. एस्टोनियन माणसाला त्यातून, सोव्हिएत नागरिकत्वापलीकडे आपले आणखी एक कुटुंब आहे, असे कोणतीही घोषणा न करता म्हणता येत होते. 'आपण' हा शब्द निवेदनात आला की तो कोणासाठी आहे, हे दर वेळी तपासावे. आणि सामींच्या प्रसंगी तर जरूर तपासावे, कारण फिनलंडचे हे नातलग परदेशात नव्हे, फिनलंडच्याच उत्तर भागात राहतात, आणि युद्धोत्तर काळात त्यांची मुले वसतिगृहांतल्या शाळांत फिनिश भाषेतूनच शिकत होती. नात्याचे कौतुक दूरच्या घरी अधिक आणि जवळच्या घरी कमी, हा प्रकार आपल्याकडेही अनोळखी नाही.

जोडीला काय ठेवावे, याविषयी माझी पहिली पसंती १९२१ च्या 'कारेलियाच्या काव्यभूमीतील लग्नसोहळा' या मूकपटाला आहे. तो सुओयार्वी भागात चित्रित झाला, आणि तिथल्या लोकांनी जुन्या रीतीचे लग्न त्यात कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवून दाखवले आहे. म्हणजे ते लग्न चालू असताना टिपलेले नाही, आणि हे प्रेक्षकांना आधी सांगितले पाहिजे. कारेलियन लग्नात वधूची पाठवणी विलापगीतांनी होते. मूकपटात ही गीते दिसतात, ऐकू येत नाहीत. मेरी यांच्या चित्रपटात आवाज किती काम करतो, हे त्या शांततेशेजारी ठेवल्यावर चटकन कळते. आणखी एक गोष्ट: चित्रण झाले तेव्हा सुओयार्वी फिनलंडमध्ये होते, आता ते रशियात आहे. तेव्हाचा घरचा चित्रपट आज परदेशातल्या नात्यांचा चित्रपट झाला, आणि त्यातली एकही चौकट बदललेली नाही.

दुसरा पर्याय साकारी पाल्सी याने १९१७ ते १९१९ च्या मोहिमेत ईशान्य सैबेरियात केलेल्या चित्रणाचा. तिथले चुकची लोक आणि त्यांचे शेजारी फिनांचे भाषिक नातलग नाहीत, त्यामुळे विषयाला तो थेट लागू नाही. मात्र फिनिश माणसाच्या हातातला कॅमेरा नात्याचे ओझे नसताना कसा पाहतो, हे त्यात कळते. वेळ कमी असेल तर हा वगळला तरी चालेल. दाखवलाच तर एक तांत्रिक काळजी घ्या. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवले जात, सेकंदाला सोळा ते अठरा चौकटींच्या आसपास, आणि आजच्या चोवीसच्या वेगाने दाखवले की माणसे तुरुतुरु धावू लागतात. प्रेक्षक हसतात, आणि हसू आलेल्या माणसाविषयी आदर निर्माण करणे नंतर कठीण जाते. प्रत डिजिटल असली तरी वेग योग्य केला आहे का, हे आधी पाहून घ्यावे. कोरड्या, कडाक्याच्या थंडीत रिळावर स्थिर विजेच्या ठिणग्या उडून विजेसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात. तशा कुठे दिसल्या तर त्या दुरुस्तीच्या नावाखाली पुसलेल्या प्रतीपेक्षा तशाच ठेवलेली प्रत मला बरी वाटते.

फिनलंडचे परदेशांतील नाते म्हटल्यावर काही सभासदांच्या मनात पश्चिमेकडे गेलेले फिन येतील: तीन लाखांहून अधिक लोक उत्तर अमेरिकेत स्थलांतरित झाले, कॅनडातल्या माल्कम बेटावर १९०१ मध्ये सोइन्तुला ही समाजवादी वसाहत उभी राहिली, १९२९ मध्ये ब्राझीलमध्ये पेनेदो येथे शाकाहारी फिनांनी शेती सुरू केली. त्या नात्याचे स्वरूपच वेगळे आहे. तिथे पत्रे आहेत, जहाजांच्या प्रवासीयाद्या आहेत, आजोबांचे नाव आहे. नाते सिद्ध करण्यासाठी संकलनाची मदत लागत नाही. म्हणून तो विषय या सत्रात मिसळू नये, त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

परिचय पाच मिनिटांपेक्षा लांबवू नका. सोव्हिएत सरहद्द, युरालिक भाषाकुळ आणि १९७७ मधली चित्रणाची परिस्थिती, एवढे पुरे. वर्तुळांची चर्चा चित्रपटानंतर करा, अगोदर केली तर लोक चित्रपट न पाहता परीक्षा देऊ लागतात. भिंतीवर युरेशियाच्या उत्तर भागाचा एक मोठा नकाशा लावा, कारण हेलसिंकी आणि तायमिर यांच्यातले अंतर चित्रपटात एका सांध्यात मिटते आणि ते किती आहे हे डोळ्यांसमोर राहायला हवे. फिनिश चित्रपटांच्या प्रतींसाठी हेलसिंकीच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेकडे, आणि मेरी यांच्या चित्रपटांसाठी एस्टोनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या चित्रपट विभागाकडे विचारणा करावी. पत्रात प्रदर्शन विनाशुल्क आहे, प्रेक्षक साधारण किती असतील आणि मराठी उपशीर्षके आपण स्वतः करणार आहोत का, हे स्पष्ट लिहावे. उपशीर्षके करणार असाल तर निवेदनाची करा, गाण्यांची करू नका. गाण्यांचा आशय छापील पत्रकावर द्या, म्हणजे गाणे चालू असताना प्रेक्षकाची नजर गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहील.